पश्चिमेच्या कुडावरचं गिलकं

आधी द्वारकाअक्काचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. आमच्या गल्लीतलं शेवटचं घर तिचं. धाब्याचं, दारात कडुनिंब. नात्यानं ती माझी कुणी नव्हती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. माझी शाळा सुटली त्या वर्षी जिनं हाताला धरून मला आपल्या वावरात नेलं, बांधावर उभं केलं आणि एक प्रश्न विचारला, ती ही अक्का. तिनं तो प्रश्न विचारला नसता तर मी आज काय असते ते मला सांगता येत नाही. तो प्रश्न काय होता ते पुढे येईलच.

आता मी कच्छात राहते. शिंदखेड्याहून निघालं की सुरतेला गाडी बदलायची, मग पुन्हा एक बदलायची, आणि शेवटी बसमध्ये बसायचं. उतरलं की समोर पांढुरकी जमीन, बाभळी आणि वारा. हे इथल्या एका कारखान्यात वेल्डर आहेत. वसाहतीतल्या आमच्या खोलीमागे एक खाट मावेल एवढी जागा आहे, तीही पश्चिमेची. दुपारनंतर तिथे उभं राहवत नाही.

न्हाणीत खिळ्याला एक रिकामं गिलकं टांगलेलं आहे. पुण्याकडे ज्याला घोसाळं म्हणतात ते आमचं गिलकं. वाळून नुसती जाळी उरली आहे, अंग घासायला वापरतात तशी. मी त्यानं अंग घासत नाही. त्याच्या पोटातलं बी मी माघात काढून घेतलं, ते द्वारकाअक्काच्या वेलाचं शेवटचं बी होतं. तिच्या घरात दुसरं फळ नाही, गावात कुणाकडे नाही. ते माझ्या हातून उगवलं नाही तर तो वेल संपला. संक्रांतीला गावाहून निघाल्यापासून माझ्या जिवाला हाच घोर होता. मी मुळातच काळजी करणारी. रिकाम्या जाळीकडे पाहिलं की वाटायचं, अक्कानं चुकीच्या बाईच्या हातात दिलं.

मग अंगावर पाणी घेता घेता ती ओली जाळी हाताला लागते, तिचा वास येतो. जुन्या गवतासारखा, थोडा कडसर. आणि मी थेट वावरात असते.

कापूस उपटून झाला की आमच्याकडे वावरं ओसाड दिसतात. बांधाबांधाला पऱ्हाट्यांचे ढीग, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. बहुतेकांच्या चुलीत जायच्या त्या. अक्का आपल्यातल्या निम्म्या बाजूला काढायची आणि विहिरीजवळच्या तुकड्याभोवती त्यांचा कूड उभा करायची. बोरीच्या काट्यांनी खालून आवळलेला, माणसाच्या छातीएवढा. त्या कुडाच्या आत तिचा उन्हाळा असायचा.

काय कुठे लावायचं हे ठरवताना ती पंगत बसवल्यासारखी बसवायची. आत यायच्या आधी चपला काढायची, माघातल्या गार सकाळी अनवाणी त्या तुकड्यात फिरायची. टाचेनं जमीन दाबून बघायची. गवार उन्हात, उघड्यावर. तिला कुणाची सोबत लागत नाही. भेंडी तिच्या मागे. काकडी लाडावलेली, म्हणून विहिरीच्या पाटाशी, तिला येता-जाता पाणी हवं. चवळी दोन्हीच्या मधे, जिथे राहील तिथे. आणि पश्चिमेला, जिकडून चैत्र-वैशाखाची झळ येते, त्या कुडावर गिलकी. बाकीच्यांनी त्यांच्या सावलीला बसायचं. मला ते तेव्हाच फार आवडलं होतं. सगळ्यात जास्त ऊन खाणाऱ्याला तिनं सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं.

आळं खोदलं की त्यात जुनं शेणखत आणि चुलीतली राख. आणि शेजारी घागर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघर नवी मातीची घागर भरतात, पितरांच्या नावानं, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून. मग जुन्या घागरीचं काय, तर ती वर्षभर पाणी पाजून थकलेली असते. अक्का गल्लीतल्या सगळ्या जुन्या घागरी मागून आणायची. बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडायची, त्यात चिंधीची वात घालायची आणि आळ्याशेजारी गळ्यापर्यंत पुरायची. घागर भरून ठेवली की पाणी आतल्या आत मुळांशी झिरपत राहायचं. ऊन वरून कितीही तापू दे, त्याला ते सापडायचं नाही. गल्लीतल्या बायका वावराशी आल्या की आपापली घागर ओळखायच्या. ही आमची, हिच्या काठाला टवका आहे. मेलेल्या सासू-सासऱ्यांना पाणी दिलेल्या त्या घागरी आता वेल पाजत होत्या, आणि ते कुणालाच वेगळं वाटत नव्हतं.

गिलक्याचं फूल पहाटे उमलतं. दोडक्याचं संध्याकाळी. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं आणि शाळा सुटली नसती तर कदाचित कळलंही नसतं. उजाडता उजाडता कुडावर पिवळी फुलं, त्यात काळे भुंगे, पानांवर हात फिरवला की तळव्याला खरखर आणि तो उग्र हिरवा वास. शिंदखेड्याच्या बाजूनं गाडीची शिट्टी यायची. मैत्रिणी दप्तरं घेऊन त्याच वाटेनं जायच्या. त्या हाका मारायच्या तेव्हा मी कुडाआड खाली बसायचे. शाळा का सुटली ते आता सांगून उपयोग नाही. आठवी झाली आणि सुटली. घरच्यांनी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला घातलंच होतं. अक्कानं मला त्या रांगेतून काढलं आणि गिलक्यांशी आणून उभं केलं.

वैशाखात, आखाजी नुकतीच झालेली. गल्लीतल्या सासरी गेलेल्या सगळ्या मुली माहेरी आलेल्या होत्या. झाडांना झोके बांधलेले. प्रत्येक घरात आमरस, पुरण आणि गिलक्याची भजी. बाजारात त्या दिवसांत भाजी म्हणून जे मिळायचं ते हातात घेतलं की मान टाकायचं. आमच्या गल्लीत मात्र माहेरवाशिणीच्या ताटात कोवळं गिलकं. ती अक्काची ऐट होती. कुणाची मुलगी आली असं कळलं की ती पदरात घालून नेऊन द्यायची, उंबऱ्याच्या आत पाय न टाकता.

पण एक फळ ती कुणाला द्यायची नाही. दर वर्षी एक गिलकं वेलावरच ठेवायचं, बियाण्याचं म्हणून. त्याला आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला वाटसरूसुद्धा हात लावायचा नाही. शेजारच्या वावराचे उखाभाऊ, ज्यांच्या विहिरीचं पाणी आमच्या पाटाला यायचं, ते कुडावरून डोकावून दर वर्षी तेच विचारायचे.

“काय वं अक्का, झाला का गिलकाना साखरपुडा?”

“व्हयना. तुमले नही बलावं.”

त्या वर्षी अक्कानं माझा हात धरला, मला बांधावर उभं केलं आणि कुडावर लटकणाऱ्या सगळ्या फळांकडे बोट केलं.

“कोन्तं ठेवानं, सांग.”

हाच तो प्रश्न. पुढच्या वर्षीचं गिलकं कोणत्या फळातून यायचं, ते मी सांगायचं होतं.  चुकलं तर पुढच्या आखाजीला सगळ्या गल्लीच्या ताटात दिसणार होतं.

“मी काय सांगू, अक्का?”

“तुले डोया शेतस ना?” डोळे होते, पण धीर नव्हता.

उखाभाऊ कुडापलीकडे विडी विझवत उभे होते. “अक्का, पोरना हातमा बी देस का? बठ्ठं गाव हासी.”

“हासू दे,” अक्का म्हणाली. “हाशीसन भूक लागी तं गिलका लेवाले मनाच दारशी येतीन.”

विहिरीच्या बाजूला, तिथल्या बाभळीच्या सावलीत एक गिलकं होतं. हाताएवढं लांब, सरळ, तुकतुकीत. कुणीही तेच दाखवलं असतं. उखाभाऊंनी आदल्या वर्षी आपल्या वेलावर असंच देखणं फळ बियाण्याला धरलं होतं आणि यंदा त्यांचा वेल नुसता पानांनी माजून चैत्रातच बसला होता. अक्कानं मला हे सांगितलं नाही.  डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसून राहिली. दुपार चढत होती.

मी बघत राहिले. बघता बघता एक गोष्ट दिसली. ऊन डोक्यावर आलं तशी सगळ्या वेलांची पानं लोंबायला लागली, माणसानं थकून खांदे पाडावेत तशी. पश्चिमेच्या टोकाचा एक वेल मात्र तसाच होता. त्याची पानं लहान होती, जाडसर, ताठ. त्याच्यावरचं फळ आखूड होतं, एका अंगाला वाकलेलं, उन्हाकडची बाजू पिवळट भाजलेली.

मी तिकडे बोट केलं. “हाई.”

उखाभाऊ हसले. “ते वाकडं?”

अक्का हसली नाही. उठली, लुगड्याचा काठ दातात धरून फाडला आणि ती पट्टी माझ्या हातात दिली. आजवर ती चिंधी तिच्याशिवाय कुणी बांधली नव्हती. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मैत्रिणी नववीच्या वर्गात गेल्या त्या वर्षी मी ती गाठ बांधली, आणि मला कुणाचा हेवा वाटला नाही.

पुढच्या चैत्रात वारा असा सुटला की कूड दोन ठिकाणी आडवा झाला. त्या वाकड्या गिलक्याच्या बियांचे वेल जमिनीवर पडले आणि पडल्या जागी फुलले. आखाजीला प्रत्येक घरात गिलकी पोचली. फळ मात्र सगळं थोडं वाकडं यायचं, आणि गल्लीतल्या बायका भजी तळताना म्हणायच्या, हे हिचं गिलकं बरं का. उखाभाऊ स्वतः बी मागायला आले.

बी देण्याची अक्काची एक रीत होती. मागेल त्याला मूठभर द्यायची. परत करताना मात्र मूठ चालायची नाही. आख्खं वाळलेलं फळ आणून द्यायचं, न फोडता. ती ते कानाशी धरायची आणि हळूच हलवायची. आत बी सुटून खुळखुळलं पाहिजे. आवाज ऐकून ती सांगायची, चांगलं वाळलंय, की घाईनं तोडलंस. उखाभाऊंचं फळ तिनं एकदा परत पाठवलं होतं. ते महिनाभर बोलले नव्हते तिच्याशी, आणि मग पुन्हा विचारायला आलेच, झाला का साखरपुडा.

लग्न झालं, मी आधी सुरतेला गेले, मग इकडे. अक्काचं वावर आता दुसरं कुणी करतं, बांधापासून बांधापर्यंत कपाशी. विहिरीजवळच्या तुकड्यातही कपाशी. उखाभाऊ गेले. संक्रांतीला मी गेले तेव्हा अक्का कडुनिंबाखाली खाटेवर बसली होती. आवाजावरून ओळखलं तिनं मला. माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग म्हणाली, आत जा, वर बघ. धाब्याच्या कडीला ते एकच गिलकं टांगलेलं होतं, धुरानं काळपट, थोडं वाकडं. त्याच्या देठाला चिंधीचा तुकडा होता.

“हाई लई जाय तू,” ती म्हणाली. “आठे आते कोन लावस?”

मी म्हटलं, अक्का, इथे आता कुणी लावत नाही खरं, पण तिकडची जमीन चांगली नाही. खारी आहे. माझ्या हातून नाही झालं तर?

“तुले मी येक डाव इचारं व्हतं,” ती म्हणाली. “आते नही इचारत.”

एवढंच. मी ते साडीत गुंडाळून आणलं. गाडीत मांडीवर धरून बसले. बाजूच्या बाईनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, गावाचं आहे.

पहिलं बी मी थंडी मोडल्यावर लावलं. आळं केलं, खत मिळालं, राख नव्हती ती शेजारच्या चहाच्या टपरीवरून मागून आणली. रोज पाणी घातलं. काही आलं नाही. माती उकरून पाहिलं तर बी मऊ पडून कुजलेलं. निम्म्याहून जास्त गेलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. हे म्हणाले, अगं, बाजारात पाकिटं मिळतात बियाण्याची. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून बाहेर गेले.

अक्काला फोन लावायचं धाडस होत नव्हतं. शेवटी लावला. तिची नातसून फोन कानाशी धरते.

“अक्का, नाही आलं,” मी सांगितलं. 

 मग ती म्हणाली, “पानी चाखी देखं का?”

मी फोन तसाच ठेवून मागे गेले. नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं. रोज त्यानं भांडी घासत होते, कपडे धूत होते, पण चाखलं कधीच नव्हतं. खारट. जमीन खारी आहे म्हणून रडत होते आणि वरून खारंच पाणी ओतत होते. वावरात अनवाणी फिरणाऱ्या बाईच्या हाताखाली वाढलेली मी.

इथे पिण्याचं पाणी टँकरनं येतं. भांडी भरून ठेवायची, तेवढंच गोडं. मी उरलेलं बी लावलं. भुजच्या बाजारातून एक माठ आणला, बुडाला भोक पाडलं, वात घातली आणि पुरला. आमच्या वाट्याच्या गोड्या पाण्यातलं, तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, पेल्यात उरलेलं, सगळं त्या माठात. ह्यांनी लोखंडी पट्ट्यांचे तुकडे जोडून एक जाळी करून दिली. काही न बोलता पश्चिमेच्या भिंतीशी उभी केली. पाकिटाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

उगवलं. पहिली दोन पानं माती डोक्यावर घेऊन वर आली तेव्हा मी तिथेच उकिडवी बसले. शेजारची रिंकी बिहारची, तीन खोल्या सोडून राहते. ती कपडे वाळत घालता घालता वाकून म्हणाली, “दीदी, ये तो नेनुआ है. हमारे घर के छप्पर पर चढ़ता था.” मी म्हटलं, गिलकं. ती म्हणाली, नेनुआ. आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवसापासून तिच्याही घरातलं तांदळाचं पाणी माझ्या माठात यायला लागलं.

चैत्र लागला. इथली झळ आमच्याकडच्यापेक्षा वेगळी आहे, तिच्यात मीठ असतं, ओठांवर बसतं. एक वेल तिनं जाळला. दुसरा राहिला. पहाटे पहिलं पिवळं फूल पाहिलं तेव्हा दार न लावताच मी बाहेर उभी होते, आणि भुंगा येईल का, या उजाड जागेत भुंगा कुठून येणार, हीच काळजी. आला. कुठून आला देवाला ठाऊक. काळा, जाडा, आमच्याच गावचा असल्यासारखा फुलात शिरला.

परवा आखाजी झाली. मला जाता आलं नाही. मी इथेच नवा माठ भरला, वर खरबूज ठेवलं. पहिली गिलकी काढली आणि भजी तळली. रिंकीच्या घरी दिली, वरच्या मजल्यावर दिली, ह्यांच्या डब्यात दिली. पदरात घालून, उंबऱ्याच्या बाहेरूनच. दिलेलं प्रत्येक गिलकं थोडं वाकडं होतं. रिंकी म्हणाली, टेढ़ा है पर मीठा है. मला इतका अभिमान वाटला की मला कुठे बघावं ते कळेना.

आज दुपारी, ऊन डोक्यावर असताना मी मागे जाऊन उभी राहिले. डोक्यावर पदर घेतला. पानं बघितली, कोणती लोंबतात, कोणती नाहीत. जाळीच्या पार टोकाला, भिंतीची सावली जिथे पोचत नाही तिथे एक आखूड फळ आहे, उन्हाकडून पिवळं भाजलेलं. रिंकी म्हणाली, इसको क्यों छोड़ दिया, कल कड़ा हो जाएगा. मी म्हटलं, होऊ दे. साडीचा काठ दातात धरून फाडला. या वेळी गाठ पहिल्यांदाच बसली.

आता हे फळ वेलावरच पिकेल, तपकिरी होईल, वाऱ्यात हलेल. मी ते घाईनं तोडणार नाही. सुरतेला गाडी बदलताना पिशवीत ठेवणार नाही, मांडीवर धरीन. अक्का, पुढच्या आखाजीला मी येते. आख्खं आणते, न फोडता. कडुनिंबाखाली तुझ्या हातात देते. तुला दिसणार नाही, पण तू कानाशी धर आणि हलव.